मारियानो रिव्हेराचा कटर: ठाऊक असूनही न खेळता येणारा चेंडू

पनामाचा बेसबॉलपटू मारियानो रिव्हेरा १९९५ ते २०१३ न्यूयॉर्क यांकीज संघाकडून खेळला. तो पिचर, म्हणजे बॅटरला चेंडू टाकणारा. काम एकच. संघ थोडक्यात पुढे असताना शेवटच्या, नवव्या इनिंगमध्ये यायचं, तीन बॅटर बाद करायचे आणि सामना राखायचा. आघाडी तीन रनांपेक्षा जास्त नसेल तर अशा कामगिरीला ‘सेव्ह’ म्हणतात (नियमाला आणखी पोटकलमं आहेत, ती सोडून देऊ). रिव्हेराचे सेव्ह ६५२, हा विक्रम आहे. २०१९ मध्ये हॉल ऑफ फेमसाठी (बेसबॉलमधल्या थोर खेळाडूंचा मानाचा गट) पडलेल्या ४२५ पैकी ४२५ मतपत्रिकांवर त्याचं नाव होतं. असं आधी कोणाच्याच बाबतीत घडलं नव्हतं.

आणि हे सगळं मुख्यतः एका चेंडूवर, कटरवर. क्रिकेटमधला कटर टप्पा पडल्यावर फिरतो, हा हवेतच सरकतो.

पकड जवळजवळ साध्या फास्टबॉलची, म्हणजे सरळ वेगवान चेंडूची. तर्जनी आणि मधलं बोट शिवणीवर आडवी, अंगठा खाली. फरक इतकाच की बोटं मध्यापासून किंचित बाहेरच्या बाजूला असतात आणि सुटताना शेवटचा दाब मधल्या बोटाचा असतो. मनगट पिळायचं नाही. पिळलं तर वेग जातो आणि चेंडूचा स्लायडर (हळू पण जास्त वळणारा चेंडू) होतो. दाब दोन्ही बोटांवर सारखा पडला तर चेंडू वळतच नाही, आणि मधोमध आलेला असा चेंडू प्रेक्षकांत जाऊन पडतो. मधल्या बोटाच्या दाबाने फिरकीचा अक्ष कलतो, चेंडूमागची हवा एका बाजूला ढकलली जाते आणि चेंडू उलट दिशेला सरकतो. हाच मॅग्नस परिणाम.

आता वेळेचं गणित. ताशी सुमारे १४८ किमी वेगाचा चेंडू हातातून सुटून प्लेटपर्यंत (बॅटर उभा असतो ती जागा, म्हणजेच होम) ०.४ सेकंदात पोचतो. बॅट फिरवायलाच ०.१५ सेकंद लागतात, म्हणजे निर्णय पाव सेकंदात. बाजूचा जोर वाटभर सारखाच लागतो, पण सरकणं वेळेच्या वर्गाच्या पटीत वाढतं. साध्या फास्टबॉलच्या मानाने एकूण सरक १६ सेमी धरली, तर अर्ध्या वेळात फक्त ४ सेमी होते. उरलेली १२ सेमी नंतर. निम्म्या वाटेपर्यंत बॅटरला तो साधा फास्टबॉलच वाटतो.

बॅटचा सर्वात जाड भाग जेमतेम ६.६ सेमी व्यासाचा. रिव्हेरा उजव्या हाताने टाकायचा, त्यामुळे कटर डावखुऱ्या बॅटरच्या हातांकडे घुसायचा आणि बारीक मुठीजवळ लागायचा. तिथे फटका बसला की लाकूड वाकून थरथरतं आणि तडकतं. २०१३ मध्ये मिनेसोटा ट्विन्सने त्याला निरोपाची भेट दिली ती मोडक्या बॅटींपासून बनवलेली झुलती खुर्ची. डावखुऱ्यांसमोर उजव्या हाताच्या पिचरला सहसा जास्त त्रास होतो. रिव्हेराच्या बाबतीत उलटंच होतं.

गंमत म्हणजे हा चेंडू त्याने ठरवून शोधला नाही. जून १९९७ मध्ये सहकारी रामिरो मेंडोझासोबत थ्रोचा सराव करताना चेंडू आपोआप वळू लागला. पिचिंग कोचसह त्याने तो सरळ करायचा बराच प्रयत्न केला, जमलं नाही.

कटरचं यश म्हणजे लंगडा फटका, आणि लंगडा फटका कुठे पडेल हे पिचरच्या हातात नसतं. २००१ च्या वर्ल्ड सिरीजचा (मोसमाच्या अंतिम मालिकेचा) सातवा सामना, नववी इनिंग, २-२ बरोबरी, तिन्ही बेस भरलेले, एक बाद. होमवर धावणाऱ्याला अडवायला यांकीजने इनफिल्ड (बेसजवळचे क्षेत्ररक्षक) पुढे आणलं होतं. रिव्हेराने अ‍ॅरिझोनाच्या डावखुऱ्या लुइस गोन्झालेझला कटर टाकला. तो हवा तसाच हातांजवळ घुसला, फटका फुसका निघाला. नेहमीच्या जागी उभ्या शॉर्टस्टॉपने (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधला क्षेत्ररक्षक) बहुधा तो झेलला असता. पण पुढे आलेल्या शॉर्टस्टॉप डेरेक जीटरच्या डोक्यावरून तो मागच्या गवतात पडला आणि अ‍ॅरिझोना ३-२ ने जिंकलं.