ईस्टमन यांचं दान आणि ईस्टमन यांचा 'वेज डिव्हिडंड'

कोडॅकचे संस्थापक जॉर्ज ईस्टमन यांचं नाव निघालं की 'मोठा दानशूर उद्योगपती' एवढं म्हणून आपण पुढे जातो. कामगारांना ते देत असलेली 'वेज डिव्हिडंड'ची, म्हणजे पगाराच्या प्रमाणात मिळणाऱ्या लाभांशाची, रक्कमही त्याच दानशूरपणात जमा होते. मला वाटतं ही दोन खाती वेगळी मांडली, तरच हा माणूस नीट कळतो.

आधी दानाचं खातं. वडील लवकर वारले, आईने घरात बिऱ्हाडकरू ठेवून संसार चालवला आणि जॉर्जनी चौदाव्या वर्षी शाळा सोडून विमा कंपनीत नोकरी धरली. पुढे दिवसा बँकेत काम आणि रात्री आईच्या स्वयंपाकघरात फोटो घेण्यासाठी रसायन लावलेल्या कोरड्या काचांचे प्रयोग. १८८८ मध्ये २५ डॉलरचा कोडॅक कॅमेरा आला, १९०० मध्ये अवघ्या एका डॉलरचा ब्राउनी, आणि पैसा वाहू लागला. लग्न केलं नव्हतं, मूलबाळ नव्हतं. १९१२ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रशिक्षण संस्थेला त्यांनी २५ लाख डॉलर दिले, तेही 'मिस्टर स्मिथ' या नावाने. हे स्मिथ कोण, ते १९२० मध्ये उघड झालं. कोडॅकच्या गावी, रॉचेस्टरला, संगीत विद्यालय झालं, मुलांसाठी दातांचा दवाखाना झाला. तसेच दवाखाने लंडन, पॅरिस, रोममध्येही त्यांच्या पैशातून उभे राहिले. हा पैसा त्यांच्या स्वतःच्या खिशातला. कुणाला द्यायचा, किती द्यायचा, नाव लावायचं की नाही, सगळं त्यांनीच ठरवायचं.

वेज डिव्हिडंडचं तसं नाही. १८९९ मध्ये ईस्टमननी कामगारांना स्वतःच्या नफ्यातून पैसे वाटले, तेव्हाच कळवलं होतं की ही भेट समजू नका, चांगल्या कामाचा जादा मोबदला समजा. तरी तो पैसा मालकाच्या मर्जीचाच होता. १९१२ मध्ये मात्र त्याला हिशेब आला: कंपनीच्या नफ्यातून, भागधारकांच्या लाभांशाशी सांगड घालून, प्रत्येकाच्या पगाराच्या प्रमाणात रक्कम. पहिल्या वर्षी मागच्या पाच वर्षांत कमावलेल्या पगाराच्या २ टक्के मिळाले. म्हणजे वर्षाला ६०० डॉलर कमावणाऱ्याच्या हातात ६० डॉलर, जवळजवळ सव्वा महिन्याचा पगार. इथे कुणाची गरज पाहिली जात नव्हती आणि कुणाला अर्ज घेऊन दारात उभं राहावं लागत नव्हतं. १९१९ मध्ये तर त्यांनी स्वतःच्या शेअरांपैकी सुमारे एक तृतीयांश कामगारांसाठी काढून ठेवले.

अर्थात हा कायद्याने मिळालेला हक्क नव्हता. दर संचालक मंडळ ठरवायचं, आणि अशी रक्कम हाती पडणारा कामगार युनियनकडे सहसा वळत नाही, हाही कंपनीचा फायदाच. तरीही मी नफ्यातल्या या वाट्याला दानापेक्षा वरचं स्थान देतो, कारण तो घेताना कामगाराला मान खाली घालावी लागत नव्हती.

पण दोन्ही खाती शेजारी ठेवली की एक गोष्ट बोचते. ईस्टमननी कृष्णवर्णीयांच्या टस्कीगी (अलाबामा) आणि हॅम्प्टन (व्हर्जिनिया) या शिक्षणसंस्थांना लाखो डॉलर दिले, तेही मनापासून. त्याच काळात रॉचेस्टरच्या कोडॅक कारखान्याचं दार कृष्णवर्णीय कामगारांना जवळपास बंदच होतं. देणगी दूरच्या अलाबामाला पाठवता येत होती. वेज डिव्हिडंड मात्र फक्त हजेरीपटावरच्या माणसाला मिळायचा, आणि त्या पटावर कृष्णवर्णीयांचं नाव जवळपास चढतच नव्हतं. ईस्टमन १९३२ मध्ये गेले. त्यानंतर ३४ वर्षांनी, १९६६ मध्ये, रॉचेस्टरच्या कृष्णवर्णीय वस्तीतली 'फाइट' ही संघटना कोडॅकच्या दारात उभी राहिली. तिने देणगी मागितली नाही. ६०० नोकऱ्या मागितल्या.