फ्रायबुर्ग की फ्रायबेर्ग?

आपण मराठीत 'हॅम्बर्ग' लिहितो आणि 'हायडेलबर्ग'ही तसंच लिहितो. जर्मन माणूस मात्र पहिल्याला 'हाम्बुर्क' म्हणतो आणि दुसऱ्याला 'हायडेलबेर्क'. शेवटचा ग तिथे क होतो. बुर्ग म्हणजे गड, बेर्ग म्हणजे डोंगर. आपल्या एका 'बर्ग'मध्ये दोन्ही बुडाले, याची मला खरोखर हळहळ वाटते.

हॅम्बुर्ग सपाटीवर आहे, तिथे कसला डोंगर! नाव आलं नवव्या शतकातल्या हम्माबुर्ग या गढीवरून. ती 845 साली व्हायकिंगांनी जाळली, पण शहराच्या चिन्हावर तीन बुरुजांचा गड अजून आहे. उलट न्यूर्नबेर्गला भलामोठा किल्ला असूनही नाव त्याच्याखालच्या खडकाळ टेकडीचं.

खरा घोळ फ्रायबुर्ग आणि फ्रायबेर्ग या जोडीचा. 'फ्राय' म्हणजे मोकळा, मुक्त. नैर्ऋत्येकडच्या फ्रायबुर्गमध्ये 1120 साली त्सेरिंगन घराण्याने व्यापाऱ्यांना बाजाराचे हक्क दिले. मध्ययुगात तटबंदीच्या शहरालाही बुर्ग म्हणत, म्हणून हे मोकळं शहर.

पूर्वेला सॅक्सनीत फ्रायबेर्ग. तिथे 1168 च्या सुमारास चांदी सापडली, आणि कुणीही येऊन खणावं अशी मुभा मिळाली. इथला बेर्ग नुसता डोंगर नाही. खाणकामाला जर्मनमध्ये आजही 'बेर्गबाऊ' म्हणतात आणि खाणकामगाराला 'बेर्गमान'. म्हणजे फ्रायबेर्ग ही 'मोकळी खाण'. गाव त्या नावाला जागलंही: 1765 साली तिथे खाणविद्येची अकादमी निघाली आणि 1886 साली क्लेमेन्स विंकलर यांना जर्मेनियम हे मूलद्रव्य तिथेच सापडलं. तसं फ्रायबुर्गजवळच्या शाउइन्सलांड डोंगरातही चांदीच्या खाणी होत्या. तिथल्या कॅथेड्रलच्या रंगीत काचांवर खाणकामगार दिसतात. त्यामुळे फक्त चांदीवरून गाव ओळखायला जाल तर फसाल.

बुर्ग आणि बेर्ग ही मुळात भावंडंच. दोन्हींच्या मागे 'उंच' या अर्थाचा प्राचीन धातू मानला जातो, आणि आपल्या 'बृहन्मुंबई'तलं संस्कृत 'बृहत्' त्याच कुळातलं.

जर्मनीत शिकायला निघालेल्यांनी अर्ज भरताना आणि तिकीट काढताना ते एक अक्षर दोनदा वाचावं. दोन्हीकडे विद्यापीठ आहे. नावापुढे 'ब्राइसगाऊ' असेल तर ते नैर्ऋत्येचं फ्रायबुर्ग, 'सॅक्सनी' असेल तर खाणीचं फ्रायबेर्ग. आणि श्टुटगार्टजवळ नेकार नदीवर आणखी एक फ्रायबेर्ग आहे, तेही लक्षात असू द्या.