मोठा सुरा: वापर, मर्यादा आणि निगा

या पत्रकात मोठा सुरा म्हणजे साधारण १८ ते २५ सेंटीमीटर लांब आणि ४ ते ६ मिलिमीटर जाड पात्याचा, न मिटणारा सुरा. कुऱ्हाडीइतका खोल घाव त्याने बसत नाही, कोयत्यासारखा तो झुडुपांतून सपासप चालत नाही आणि छोट्या चाकूचे नाजूक कामही त्याला नीट जमत नाही. तरी रानात एकच पाते न्यायचे असेल तर बहुतेक जण हाच उचलतात, कारण ही तिन्ही कामे तो भागेल इतपत करतो. सुरा विकणाऱ्यांनी हे सांगावे का, असा प्रश्न पडेल. पण मनगटापेक्षा जाड लाकूड रोज कापायचे असेल, तर सोबत एक घडीची करवत ठेवाच. ती कमी दमवते आणि चुकली तरी कमी इजा करते.

पात्याचा कोणता भाग कशासाठी

मुठीलगतची ५–६ सेंटीमीटर धार हाताच्या सर्वात जवळ असते, म्हणून तिथे जोर आणि ताबा दोन्ही मिळतात. तासणे, खाच पाडणे, टोक काढणे ही कामे तिथेच करा. मधला भाग फोडण्यासाठी. तोडण्याचा घाव मात्र पुढच्या भागावर घ्यायचा, धार टोकाकडे वळायला लागते त्याच्या किंचित मागे. नेमकी जागा प्रत्येक सुऱ्याची वेगळी. ती शोधायला लाकडी ठोकळ्यावर हलके घाव घाला आणि दर वेळी थोडे पुढे-मागे सरका. ज्या जागी घाव बसल्यावर हाताला झिणझिण्या येत नाहीत, ती तुमची जागा. टोक सर्वात पातळ आणि म्हणून सर्वात कमजोर. भोक पाडणे किंवा टोचणे, एवढेच त्याचे काम.

पाठीची कड काटकोनात असेल तर साल खरवडायला आणि ठिणगी पाडायला ती धारेपेक्षा बरी. पाठ गोलसर घासलेली असेल तर या दोन कामांना ती निकामी.

तोडणे

लाकडावर सरळ काटकोनात घाव घातला की पाते एक तर उसळते, नाही तर अडकते. घाव साधारण ४५ अंशांत तिरका घ्या. एक डावीकडून, एक उजवीकडून. मधली ढलपी उडाली पाहिजे. खाचेची तोंडाशी रुंदी लाकडाच्या जाडीएवढी ठेवा. अरुंद खाच आत जाता जाता निमुळती होते आणि पाते दोन्ही बाजूंनी आवळले जाते. ‘सुरा कापत नाही’ ही तक्रार पुष्कळदा इथून येते. निम्मे तोडून झाले की लाकूड उलटवा आणि उरलेले दुसऱ्या बाजूने तोडा.

मूठ आवळून धरू नका. अंगठा, तर्जनी आणि मधले बोट यांत ती नीट पकडा, मागची दोन बोटे सैल ठेवा आणि पाते लाकडाला भिडायच्या क्षणी ती मिटा. त्या झटक्याने टोकाचा वेग वाढतो, बाकीचे काम पात्याचे वजन करते. मुठीला दोरी असेल तर ती अंगठ्यावरून तळहाताच्या मागे न्या. मनगटात अडकवली तर हातातून निसटलेला सुरा झोका घेऊन परत अंगावर येतो.

लाकूड नेहमी ठोकळ्यावर ठेवून तोडा. जमिनीवर तोडताना शेवटचा घाव मातीत जातो आणि मातीतला एक खडाही धारेला खाच पाडायला पुरेसा असतो. घावाच्या बरोबर खाली आधार हवा. लाकडाचे टोक अधांतरी राहिले तर तुटलेला तुकडा उडून तोंडावर येतो.

पडलेल्या झाडाच्या फांद्या छाटताना बुंध्याकडून शेंड्याकडे जा आणि घाव फांदीच्या बुंध्याकडच्या अंगाला घाला. बेचक्यात घाव घातला तर पाते तिथेच रुतते. झाडाचे खोड तुमच्या पायांच्या आणि पात्याच्या मध्ये राहील असे उभे राहा. कोवळे रोप काढायचे असेल तर एका हाताने वाकवा आणि बाकाच्या बाहेरच्या, ताणलेल्या बाजूवर जमिनीलगत तिरका घाव द्या. ताणलेले तंतू चटकन तुटतात. मागे राहिलेला तिरका खुंट भाल्यासारखा टोकदार असतो, म्हणून तो लगेच सपाट करा.

फोडणे

पात्याच्या पाठीवर लाकडी दांडक्याने ठोकून लाकूड चिरणे हे मोठ्या सुऱ्याचे सर्वात उपयोगी काम आहे, आणि सर्वात जास्त सुरे याच कामात मोडतात. पावसात भिजलेले लाकूडसुद्धा आत कोरडे असते. ते बाहेर काढायचा हाच मार्ग.

लाकडाची जाडी पात्याच्या लांबीपेक्षा निदान ५ सेंटीमीटरने कमी असावी. २० सेंटीमीटरच्या पात्याला १२ ते १५ सेंटीमीटरपर्यंतचे लाकूड ठीक. तुकडा सरळ रेषांचा आणि बिनगाठीचा निवडा. ठोकायला ओल्या लाकडाचे दांडके घ्या, ४०–४५ सेंटीमीटर लांब आणि ५ सेंटीमीटर जाड. दगड किंवा हातोडी कधीच नको: पाठ ठेचली जाते आणि कठीण पात्याचा कपचा उडू शकतो.

तुकडा ठोकळ्यावर उभा करा आणि धार वरच्या तोंडावर ठेवा. तुकडा जाड असेल तर मधोमध न धरता कडेने पातळ फळ्या काढत आत या. पहिले एक-दोन घाव हलके, लाकडाच्या बरोबर वरच्या पाठीवर. पाठ लाकडात बुडाली की पलीकडे डोकावणाऱ्या भागावर ठोका, पण टोकाचे शेवटचे २–३ सेंटीमीटर सोडून. दर ठोक्याला मूठ वर उचलली जाते. ती खाली दाबून पाते आडवे, समपातळीत ठेवा. मुठीवर ठोकू नका. मूठ आणि पाते जिथे जुळतात तिथे सगळा ताण गोळा होतो. मुठीच्या आत जाणारा पोलादाचा भाग अरुंद असेल, किंवा तिथे काटकोनी कोपरा असेल, तर चीर तिथूनच सुरू होते. म्हणून या कामासाठी मुठीच्या शेवटपर्यंत पूर्ण रुंदीचे पोलाद असलेलाच सुरा वापरा.

पाते अडकले तर पिळू नका, वरखाली हेलकावे देऊ नका. उघडलेल्या भेगेत लाकडाची पाचर ठोका. भेग रुंद होते आणि सुरा आपोआप मोकळा होतो. अशी एक-दोन पाचर आधीच तासून ठेवलेली बरी. सुकलेली गाठ पात्याच्या वाटेत आली तर तो तुकडा सोडून द्या. सुकी गाठ भोवतालच्या लाकडापेक्षा फार कठीण असते आणि धारेचा कपचा काढते.

बांबू याच रीतीने सहज चिरतो, फक्त चिरलेल्या कडा पात्याइतक्याच धारदार असतात, हातमोजे घाला.

आग पेटवण्याची तयारी

फोडलेल्या तुकड्याचा आतला कोरडा भाग घ्या: ३० सेंटीमीटर लांब, अंगठ्याएवढा जाड, एक कड पुढे आलेली. खालचे टोक ठोकळ्यावर टेकवा, कोपर सरळ ठेवा आणि मुठीलगतच्या धारेने कडेवरून खाली अंगाच्या भाराने पाते सरकवा. तळाच्या थोडे वर थांबायचे, म्हणजे कुरळी साल तुटून न पडता काडीलाच लटकते. मग काडी थोडी फिरवून शेजारच्या कडेवर तेच. साल जाड निघत असेल तर पाते आणखी निजवा. वारंवार तुटत असेल तर धार बोथट आहे, किंवा लाकूड दमट.

ठिणगीची कांडी (खरवडली की ठिणग्या सोडणारी धातूची कांडी) नवी असेल तर आधी तिच्यावरचा काळा थर खरवडून काढा. मग पाठीची काटकोनी कड कांडीवर दाबून सुरा जागीच स्थिर ठेवा आणि कांडी मागे ओढा. सुरा पुढे ढकलला तर रचलेला भुसा उधळतो. धारेने ठिणगी पाडणे म्हणजे धार कानशीवर घासण्यासारखेच.

खुंटे आणि सोलणे

तंबूच्या खुंट्याला ३०–४० सेंटीमीटर लांब, ३ सेंटीमीटर जाड सरळ फांदी पुरते. टोक चार बाजूंनी तासा. एकाच बाजूने तासलेला खुंटा ठोकताना तिरका शिरतो. वरच्या तोंडाची कडही चहूबाजूंनी उतरवा, नाही तर ठोकताना ते फाटते. दोरीची खाच वरून ४–५ सेंटीमीटर खाली, जाडीच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा खोल नको.

लांब काठी सोलायची असेल तर सुऱ्याचे टोक सुक्या लाकडाच्या वीतभर तुकड्यात रोवा. दोन्ही हातांना पकड मिळते आणि पाते आपल्याकडे सावकाश ओढून साल काढता येते. काठी घट्ट अडकवलेली असली पाहिजे.

जे सुऱ्याकडून करवून घेऊ नये

उचकटणे, खणणे, तार तोडणे, डबे फोडणे, फेकून मारणे. खणायचे असेल तर सुऱ्याने एक काठी टोकदार करा आणि काठीने खणा. पाते निखाऱ्यात घालू नका, आगीत लाकडे सारायलाही वापरू नका. पोलादाला दिलेले पाणी, म्हणजे तापवून-विझवून आणलेला कठीणपणा, जास्त उष्णतेने उतरते. पात्यावर निळसर छटा आली तर तिथली धार पुन्हा टिकणार नाही, कितीही घासली तरी. कोरड्या विजेच्या सहाणेवरही हेच होते, कारण धारेचा पातळ भाग क्षणात तापतो. उचकटताना मोडलेले टोक आणि पाणी उतरलेले पाते आम्ही बनावटीतला दोष धरत नाही.

अंगाची काळजी

सुरा धरलेला हात लांब करून गोल फिरवा. त्या कक्षेत कोणी नको, डोक्यावर फांदी नको. बसून तासताना पाते दोन मांड्यांच्या मध्ये आणू नका. मांडीच्या आतल्या बाजूने मोठी रोहिणी जाते आणि तिथली जखम काही मिनिटांत जीवघेणी ठरू शकते. कोपरे गुडघ्यांवर टेकवा आणि काम गुडघ्यांच्या पुढे करा. सुरा म्यान करताना म्यानाच्या धारेकडच्या कडेवर बोटे नकोत: जुन्या म्यानाची शिवण उसवून पाते बाहेर येते. हातातून पडणारा सुरा पडू द्या. कापले तर स्वच्छ फडक्याने थेट दाब द्या, तो सोडून वारंवार बघू नका. रक्त थांबत नसेल तर दाब कायम ठेवून वैद्यकीय मदत गाठा.

धार

तोडण्या-फोडण्याच्या सुऱ्याला प्रत्येक बाजूने २० ते २५ अंशांची धार ठेवा. स्वयंपाकघरातल्या सुरीसारखी १५ अंशांची धार पहिल्या गाठीवरच दुमडते.

उजेडाकडे धरून धारेवर पाहा. चांगली धार दिसत नाही. जिथे चकाकणारी रेघ दिसते तिथे ती बोथट किंवा दुमडलेली आहे. नुसती दुमडली असेल तर चामड्याच्या पट्ट्यावर दोन्ही बाजूंनी ओढून ती सरळ होते. खाच पडली असेल तर आधी ४०० क्रमांकाच्या भरड, मग १००० क्रमांकाच्या बारीक दगडावर घासावी लागते. एका बाजूने तोवर घासा, जोवर दुसऱ्या बाजूला बारीक खरखरीत कड बोटाला लागत नाही. बोट धारेच्या आडवे, पात्यावरून बाहेर फिरवा, धारेच्या लांबीने कधीच नाही. ही कड मुठीपासून टोकापर्यंत सलग आल्याशिवाय बाजू बदलली तर धार मध्येच बोथट राहते. शेवटी चामड्यावर ती कड काढून टाका. मोठी खाच एका बैठकीत मिटवू नका. पुढच्या दोन-चार वेळा धार लावताना ती आपोआप जाते आणि पात्याची रुंदी वाचते.

ठेवणे

जास्त कार्बनचे पोलाद कणखर असते पण गंजते. काम झाले की धुवा, पूर्ण कोरडे करा, शिवणयंत्राच्या तेलाचा पातळ हात फिरवा. पात्यावर चढणारी राखाडी झाक राहू द्या, तिचा त्रास नाही. तांबूस गंज मात्र लगेच काढा. चिकट डिंक थोड्या तेलाने भिजवून पुसला की सुटतो. सुरा महिनोन्‌महिने चामड्याच्या म्यानात ठेवू नका, चामडे दमट हवा धरून ठेवते. लाकडी मुठीला वर्षातून एकदोनदा जवसाचे तेल चोळा. त्या तेलाचा बोळा चुरगळून टाकू नका, तो आपोआप पेटू शकतो. पसरून मोकळ्या हवेत वाळवा.

सुरा बाळगण्याचे नियम ठिकाणानुसार वेगळे असतात, निघण्याआधी बघून घ्या. विमानात तो हातातल्या सामानात चालत नाही.

दुरुस्तीला पाठवताना पात्याला दुहेरी पुठ्ठा गुंडाळून चिकटपट्टी लावा, टोकाला जाड पुठ्ठ्याची टोपी करा आणि कोणत्या लाकडावर, कोणते काम करताना बिघाड झाला ते चिठ्ठीवर लिहा. नुसते ‘धार जाते’ एवढेच लिहिले असेल तर कोन बदलायचा की पोलाद तपासायचे, हे आम्हाला कळत नाही.