कारवानी कुत्रा (मुधोळ हाउंड)

बेळगाव, बागलकोट, विजयपूर व लगतच्या कोल्हापूर-सांगली-सोलापूर पट्ट्यातील शिकारी कुत्र्याची जात. आखूड केसांच्या वाणास कारवानी, तर कान, शेपूट व पायांवर लांब रेशमी केस असलेल्या वाणास पश्मी म्हणतात.

उगमाविषयी दोन मते आहेत. सालुकी व ताझी या जातींशी असलेले साम्य पाहता ही कुत्री पश्चिम व मध्य आशियातून व्यापारी तांड्यांबरोबर दख्खनेत आली असावीत, असे एक मत. दुसऱ्या मतानुसार मुधोळचे संस्थानिक मालोजीराव घोरपडे यांनी स्थानिक शिकाऱ्यांकडील कुत्र्यांतून निवडीने ही जात घडविली. त्यांनी इंग्लंडचे राजे पाचवे जॉर्ज यांना एक जोडी भेट दिल्याचेही सांगतात. मूळ रक्त बाहेरचे आणि स्थिर रूप मुधोळचे, असे मानणे अधिक सयुक्तिक. केनेल क्लब ऑफ इंडिया हिला कॅरव्हान हाउंड, तर इंडियन नॅशनल केनेल क्लब मुधोळ हाउंड म्हणतो. २००५ मध्ये हिच्यावर टपाल तिकीट निघाले.

नराची उंची खांद्याशी सुमारे ६८ ते ७४ सेंमी., मादी थोडी ठेंगणी. डोके लांब व अरुंद, छाती खोल, पोट आत ओढलेले, कातडी पातळ.

हा कुत्रा नजरेने शिकार हेरतो. गुरे-मेंढ्या वळविणे हे त्याचे काम नव्हे. पळते कोकरू दिसले की तो मागे लागतो. म्हणून कळपाजवळ ठेवायचे पिल्लू दोन-तीन महिन्यांचे असल्यापासून वाघरीशेजारी (मेंढ्या कोंडायच्या जाळीच्या कुंपणाशेजारी) बांधून कोकरांची सवय करतात. राखणीला धनगर बहुधा संकरित कुत्रीच पसंत करतात.

नुसत्या भाकरी-दुधावर वाढविलेल्या पिल्लाचे पुढचे पाय वाकतात. अंडी वा मांस आणि खनिज मिश्रण हवेच. पोटभर खाऊ घालून लगेच पळवू नये, पोट फुगून पीळ पडतो. अथणीसारख्या द्राक्षबागांच्या भागात द्राक्षे व बेदाणे आवाक्याबाहेर ठेवावेत. त्यांनी मूत्रपिंडे निकामी होतात. अंगावर चरबी कमी असल्याने फरशीवर झोपून कोपरांना घट्टे पडतात. खाली पोते किंवा कडबा घालावा. काटेरी तारेने कातडी उभी फाटते. चरबी कमी असल्याने आणि यकृतात औषधाचे विघटन सावकाश होत असल्याने थायोपेंटोनसारख्या भुलीच्या औषधातून कुत्रा फार उशिरा शुद्धीवर येतो. शस्त्रक्रियेपूर्वी पशुवैद्यकास जात सांगावी. गोठ्यालगत गोचिडांचा ताप नेहमीचा : हिरड्या पांढुरक्या पडणे, नाकातून रक्त येणे ही त्याची लक्षणे. कानाच्या आतली बाजू व बोटांच्या बेचक्या रोज तपासाव्यात. रेबीजची पहिली लस तीन महिन्यांचा झाल्यावर, पुढे दरवर्षी.