समुद्रावर उतरायचं तर आधी हळू उडता आलं पाहिजे

गोव्यात सी-प्लेनची चर्चा अधूनमधून निघते. पर्यटक मांडवीच्या पात्रात उतरतील, जेटीवरून थेट हॉटेलात जातील, वगैरे. आणि त्याच गप्पांत कुणीतरी हमखास म्हणतं, की मग समुद्रात एखादी बोट बुडाली तर हेच विमान जाऊन माणसं उचलून आणील. जानेवारी २०२५मध्ये नौदलासाठी चार उभयचर विमानं भाड्यानं घेण्याबाबत संरक्षण मंत्रालयानं कंपन्यांकडून माहिती मागवली, तेव्हाही हेच बोलणं कानावर आलं. विमान पाण्यावर तरंगलं म्हणजे काम झालं, असा सगळ्यांचा समज. तरंगणं हा यातला सर्वांत सोपा भाग आहे.

ही विमानं आपल्याला नवी नाहीत. बोगमाळोजवळच्या नौदलाच्या विमान संग्रहालयात एक बुटकं, दोन इंजिनांचं विमान उभं आहे. पोटाचा आकार होडीसारखा आणि बाजूला चाकंही. ते शॉर्ट सीलँड. भारतीय नौदलाचं हे पहिलं विमान, १९५३ साली कोचीत दाखल झालेलं. पाहुणे त्याच्यावरून नजर फिरवतात आणि सी हॅरियरपाशी फोटो काढायला जातात. माझं मत विचाराल, तर त्या अंगणात आधी सीलँडपाशीच थांबायला हवं.

गरज कुठे पडते ते पाहू. भारताच्या वाट्याला आलेलं समुद्री शोध-बचाव क्षेत्र सुमारे ४६ लाख चौरस किलोमीटर आहे, म्हणजे देशाच्या जमिनीहून बरंच मोठं. किनाऱ्याजवळ कुणी अडकलं तर तटरक्षक दलाचं हेलिकॉप्टर जातं, वर तरंगत राहून दोरानं माणूस उचलतं. पण हेलिकॉप्टरचं इंधन मर्यादित, त्यात तरंगत राहण्यातच बरंच संपतं. डॉर्नियर विमान लांबवर जातं, माणूस शोधतं, वरून तराफा टाकतं. उचलू मात्र शकत नाही. उरतं जहाज. ताशी ३७ किलोमीटरनं निघालेल्या जहाजाला १,००० किलोमीटरवर पोचायला २७ तास लागतात. जपानच्या यूएस-२ या उभयचर विमानाला तेवढ्याला दोन तासांहून थोडा अधिक वेळ पुरतो. ज्यांच्या घरातलं कुणी बोटीवर आहे, आणि गोव्यात अशी घरं गावोगाव आहेत, त्यांना या पंचवीस तासांचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

आता उतरण्याकडे वळू. समजा, ४० टनांचं विमान ताशी १८० किलोमीटरनं, म्हणजे सेकंदाला ५० मीटर वेगानं पाण्याला टेकलं. समोर तीन मीटर उंचीची लाट आहे आणि दोन माथ्यांमधलं अंतर ६० मीटर. अशा लाटेचा सर्वांत तीव्र चढ शंभराला साधारण पंधरा असतो. म्हणजे पाणी विमानाच्या तळाकडे सेकंदाला जवळपास आठ मीटर वेगानं वर येतं. हाच वेग निम्मा, ताशी ९० किलोमीटर केला, तर पाणी चार मीटर वेगानं वर येईल. पाण्याच्या धडकेचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असल्यानं तो एक चतुर्थांशावर येतो. विमानाची गतिज ऊर्जाही ५ कोटी ज्यूलवरून सव्वा कोटीवर. (वैमानिक लाटांना आडवे न जाता शक्यतो त्यांच्या रांगेला समांतर उतरतात, त्यामुळे प्रत्यक्षात धक्का याहून कमी बसतो. पण दोन दिशांच्या लाटा एकमेकींत मिसळल्या की ती सोय राहत नाही.)

मग हळूच उतरावं ना! इथेच खरी अडचण आहे. पंखाला मिळणारी उचलही वेगाच्या वर्गावरच अवलंबून असते. वेग निम्मा केला की उचल पावपट होते आणि विमान दगडासारखं खाली येतं. ती भरून काढायची तर त्याच पंखाकडून चौपट काम करून घ्यायला हवं. साधी विमानं त्यासाठी पंखामागचे फ्लॅप, म्हणजे हलत्या पट्ट्या, खाली वाकवतात. हवा खाली वळते, पंख वर ढकलला जातो. फ्लॅप आणखी वाकवत नेले तर? एका मर्यादेनंतर हवा त्या वळणाला चिकटून राहतच नाही.

का राहत नाही, हे १९०४मध्ये लुडविग प्रांटल या जर्मन शास्त्रज्ञानं उलगडलं. घरातला छताचा पंखा महिनोन्‌महिने गरगर फिरतो, तरी त्याच्या पात्यांवर धूळ साचते. कारण पात्याला अगदी लागून असलेली हवा पात्याबरोबरच फिरते, त्याच्या दृष्टीनं ती थांबलेलीच असते. विमानाच्या पंखावरही असाच एक पातळ, मंदावलेला थर असतो. त्याला सीमा-थर म्हणतात. पंखाच्या मागच्या उतारावर हवेचा दाब वाढत जातो. वरची वेगवान हवा त्या दाबाविरुद्ध पुढे सरकते, पण सीमा-थरातल्या दमलेल्या हवेकडे तेवढी ऊर्जा उरलेली नसते. ती थांबते, उलटी फिरते, वरच्या प्रवाहालाही पंखापासून उपटून काढते. भोवरे उठतात, उचल कोसळते.

यूएस-२मधला उपाय मला फार आवडतो. या विमानाला पंखांवर प्रोपेलर फिरवणारी चार टर्बोप्रॉप इंजिनं आहेत आणि धडात लपलेलं एक पाचवं. हे पाचवं इंजिन विमानाला पुढे ढकलत नाही. त्याचं काम एकच, हवा दाबून ती अरुंद फटींतून फ्लॅपच्या पृष्ठभागावर फुंकत राहणं. या झोतानं दमलेल्या थराला नवी ऊर्जा मिळते आणि हवा तीव्र वाकलेल्या फ्लॅपवरूनही चिकटून वळते. शिवाय चार प्रोपेलरांचा झोत पंखावरून जातोच. एवढ्यावर भागत नाही. वेग कमी म्हणजे शेपटीवरच्या सुकाणूंनाही हवेची धार कमी; वैमानिक रडर, म्हणजे डावी-उजवीकडे वळवणारं सुकाणू, वळवील आणि विमान ऐकणार नाही. म्हणून रडरवर आणि नाक वर-खाली करणाऱ्या एलिव्हेटरवरही हीच हवा फुंकली जाते. या सगळ्याचा परिणाम असा, की ४० टनांच्या आसपासचं हे विमान ताशी १०० किलोमीटरच्याही खाली उडतं आणि तीन मीटरच्या लाटांत उतरतं. रशियाच्या बीई-२०० या उभयचर विमानाची मर्यादा साधारण १.२ मीटर आहे, चीनच्या एजी-६००ची २ मीटर.

जून २०१३मध्ये जपानच्या किनाऱ्यापासून सुमारे १,२०० किलोमीटरवर एक शिडाची बोट बुडाली. तराफ्यावर दोघे होते, एक दूरचित्रवाणीचे वृत्तनिवेदक आणि त्यांचे दृष्टिहीन सहकारी. पहिलं यूएस-२ लाटांमुळे न उतरताच परतलं. दुसऱ्यानं उतरून दोघांना सुखरूप आणलं. ‘समुद्र आपला बळी घेतोच, त्याच्या तोंडचं ओढून काढू नये’ असं किनाऱ्यावर अजूनही बोललं जातं, त्याचा मला मनापासून राग येतो. समुद्र बळी मागत नसतो. वेळेत कुणी पोचलं नाही, म्हणून माणूस जातो.

उतरल्यावर पुन्हा उडायचं असतं, तेही सोपं नाही. एप्रिल २०१५मध्ये सरावादरम्यान उड्डाण करताना एक यूएस-२ अपघातात सापडलं आणि नंतर बुडालं, माणसं वाचली. शिवाय खारं पाणी धातू खात राहतं, समुद्रावरून आलं की विमान गोड्या पाण्यानं धुवावंच लागतं. मोजकीच बनत असल्यानं ती प्रचंड महाग पडतात, आणि भारत-जपान बोलणी अनेक वर्षं चालूनही खरेदी झालेली नाही.

पावसाळ्यात गोव्यासमोरच्या खुल्या समुद्रात लाटा तीन मीटरच्या वर जाणं नेहमीचं आहे. त्यामुळे जुलैतल्या वाईट दिवशी यूएस-२सुद्धा उतरू शकणार नाही. त्या दिवशी जहाज आणि हेलिकॉप्टर यांवरच भिस्त. भाड्यानं येणारं विमान दीड मीटरच्या मर्यादेचं निघालं, तर आपल्याकडे ते ऑक्टोबर ते मे एवढ्याच महिन्यांत भरवशाचं ठरेल. मांडवीत पर्यटकांना उतरवणाऱ्या छोट्या विमानाचं तर बचावाच्या यादीत नावच घालू नये.