पंख उलटे नाहीत, पुढे झुकलेत!

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात यंदा गणपतीच्या आराशीत एका हौशी काकांनी सागवानातून कोरलेली प्रायोगिक लष्करी विमाने मांडली होती. एक्स-१, एक्स-१५ ही नळकांडी सगळ्यांनी कौतुकाने पाहिली. एक्स-२९पाशी मात्र जो तो थबके आणि म्हणे, "काका, पंख उलटे चिकटवलेत!" काका हसून सोडून देत. मला राहवत नाही.

पंख बरोबर आहेत. ग्रुमन कंपनीचे हे विमान १४ डिसेंबर १९८४ला अमेरिकेत पहिल्यांदा उडाले, आणि त्याचे पंख ३० अंशांहून जास्त पुढे झुकलेले होते. खरे विमान ४८ फुटी, काकांचे १:४८ प्रमाणात, म्हणजे फूटभर.

यातून मिळते काय? मागे झुकलेल्या पंखावर हवा टोकाकडे सरकते. नाक फार उचलले की लिफ्ट, म्हणजे पंखाला वर उचलणारा हवेचा जोर, आधी टोकापाशी ढासळते, आणि विमान कलवणारे एलेरॉन नेमके तिथे असतात. पुढे झुकलेल्या पंखावर हवा मुळाकडे सरकते, टोक शाबूत राहते. एक्स-२९ हवेशी ४५ अंशांचा कोन करूनही काबूत राहिले.

मग सगळी विमाने अशी का नाहीत? खरी गंमत इथे आहे. लिफ्टमुळे पंख वर वाकतो, टोकाकडे सर्वांत जास्त. आता मॉडेलच्या पंखावर विमानाच्या लांबीला समांतर एक पेन्सिलरेघ ओढा. पंख पुढे झुकलेला, त्यामुळे पंखाच्या आतल्या मुख्य तुळईवर मोजले तर रेघेचा पुढचा बिंदू टोकाच्या जवळ पडतो, मागचा मुळाच्या. साहजिकच पुढचा बिंदू जास्त उचलला जातो. म्हणजे पंख नुसता वाकत नाही, पिळला जातो, आणि हवेशी त्याचा कोन वाढतो. कोन वाढला की लिफ्ट वाढते, लिफ्टने वाक वाढतो, वाकाने पुन्हा कोन. पंखाचा ताठपणा ठरलेला असतो, लिफ्ट मात्र वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. एका वेगापुढे ताठपणा हरतो आणि पंख मोडतो. याचे नाव डायव्हर्जन्स. मागे झुकलेला पंख वाकला की कोन उलट कमी होतो, म्हणून तो निर्धास्त.

जर्मनांचे युंकर्स २८७ असे पंख घेऊन १९४४मध्येच उडाले होते. पण वेगवान विमानासाठी धातूचा पंख पुरेसा ताठ करायचा तर तो भलताच जड होतो. एक्स-२९च्या पंखावर कार्बन तंतूंचे थर मुद्दाम तिरपे घातले. तंतूंच्या दिशेने ताठपणा जास्त, आडवा कमी. त्यामुळे पंख वाकताना होणारा घातक पीळ तिथल्या तिथे मारला जातो. काकांच्या हातांनाही तंतूंची दिशा कळते: पंखाची फळी ते लाकडाच्या रेषा लांबीत धरूनच कापतात. आडव्या रेषांचा पंख पॉलिश-पेपर मारतानाच कडकन जातो.

शेजारीच कुणीतरी 'प्राचीन भारतीय विमान' थर्माकोलमध्ये उभे केले होते, गर्दी तिकडेच जास्त. 'प्राचीन' म्हणवणाऱ्या एका विमानपोथीतली यंत्रे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या अभ्यासकांनी १९७४मध्ये तपासली होती. एकही उडण्याजोगे निघाले नाही, आणि पोथीही विसाव्या शतकातलीच ठरली.

एक्स-२९ मुळातच अस्थिर होते. संगणक सेकंदाला ४० वेळा त्याला सावरत. आपल्या महाराजपुऱ्याच्या हवाई तळावरची लढाऊ मिराज-२०००सुद्धा मुद्दाम कमी स्थिर ठेवलेली, संगणकाने सांभाळलेली. एक्स-२९ मात्र दोनच बनली. १९९७मध्ये रशियाचे सुखोई-४७ तसेच पंख घेऊन उडाले, तेही प्रयोगापुरतेच राहिले. नाक उचलून विमान काबूत ठेवायला आता इंजिनाचा झोतच वळवता येतो.