फळं भरपूर खाणं आणि फळं वेगळी खाणं: यातलं वजन कशानं उतरतं?

कोल्हापुरात रंकाळ्यावर सकाळी फेऱ्या मारणाऱ्यांच्या गप्पांत दोन सल्ले एकमेकांत मिसळलेले ऐकू येतात. एक असा, की रोज फळं खा, वजन उतरतं. दुसरा असा, की फळं जेवणाबरोबर खाऊ नका, भाकरी आणि मटण एका ताटात घेऊ नका, दुधात केळं घालू नका. दुसरा सल्ला मानणारा माणूस सहसा पहिलाही पाळतो. महिन्याभरात पँट सैल होते आणि श्रेय जातं ते वेगवेगळं खाण्याला. हे दोन्ही सल्ले सुटे करून पाहिले, तर पहिल्यामागे बऱ्यापैकी पुरावा आहे आणि दुसऱ्यामागे जवळजवळ काहीच नाही.

आधी दुसरा घेऊ, कारण गोंधळ तिथूनच सुरू होतो. ‘फूड कॉम्बिनिंग’ या नावानं चालणारी ही पद्धत विल्यम हे (Hay) या अमेरिकन डॉक्टरनं विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात लोकप्रिय केली. पुढे हर्बर्ट शेल्टननं १९५१ च्या सुमारास तिला नियमांची जंत्री जोडली. मूळ दावा असा: प्रथिनं पचायला आम्ल लागतं, पिष्टमय पदार्थांना त्याच्या उलट गुणाचं अल्कली लागतं. दोन्ही एकत्र खाल्लं की रस एकमेकांना मारतात आणि अन्न पोटात कुजतं. फळ लवकर पचतं, म्हणून ते जेवणावर खाल्लं तर वर अडकून आंबतं.

पचन असं चालत नाही. रिकाम्या पोटात आम्लता साधारण १.५ ते ३ पीएच असते (आकडा जितका लहान तितकं आम्ल तीव्र). जेवल्यावर ती थोडी सौम्य होते, मग पुन्हा वाढते. ताटात भात असो की अंडं, जठर आम्ल सोडतंच. खरं पचन पुढे लहान आतड्यात होतं. तिथे स्वादुपिंडाचा रस येतो, त्यात पिष्ट, चरबी आणि प्रथिनं फोडणारी विकरं एकदमच येतात आणि जठरातून आलेलं आम्ल सौम्य करणारं बायकार्बोनेटही त्यातच असतं. म्हणजे शरीराची व्यवस्था मुळातच मिश्र जेवणासाठी आहे. साधं जेवण जठरातून दोन ते चार तासांत पुढे सरकतं. इतक्या आम्लात फळ ‘सडायला’ जिवाणूंना वावच मिळत नाही. आंबण्याची क्रिया होते ती मोठ्या आतड्यात, न पचलेल्या चोथ्यावर, आणि ती आपल्या उपयोगाची असते.

शिवाय निसर्गानं हा नियम कधी पाळलेलाच नाही. १०० ग्रॅम तूरडाळीत सुमारे २२ ग्रॅम प्रथिनं आणि ५५ ग्रॅमच्या आसपास पिष्टमय पदार्थ असतात. मिसळीतल्या मटकीचंही तेच. हा नियम काटेकोर लावायचा म्हटला तर मटकीच्या एका दाण्याचे दोन भाग करून सकाळी एक आणि संध्याकाळी दुसरा खावा लागेल.

मग वजन का उतरतं? याची थेट चाचणी झालेली आहे. स्वित्झर्लंडमध्ये ५४ लठ्ठ रुग्णांना सहा आठवडे रुग्णालयात ठेवून दिवसाला ११०० कॅलरीचं जेवण दिलं. एका गटाला पदार्थ वेगळे करून, दुसऱ्याला नेहमीचं मिश्र. निष्कर्ष २००० मध्ये छापून आले. वेगळं खाणाऱ्यांचं सरासरी ६.२ किलो उतरलं, मिश्र खाणाऱ्यांचं ७.५ किलो. संख्याशास्त्राच्या हिशेबानं हा फरक फरकच नव्हे. कॅलरी सारख्या ठेवल्या की वेगळं मांडण्याची जादू संपते.

रुग्णालयाबाहेर मात्र कॅलरी सारख्या राहत नाहीत. मटणाचं ताट घ्या: तांबडा, पांढरा, सुकं, दोन ज्वारीच्या भाकरी, शेवटी भात. ‘मटणाबरोबर पिष्ट नको’ म्हटलं की भाकरी आणि भात दोन्ही गेले. एका भाकरीला ७० ग्रॅम पीठ धरलं तर दोन भाकरींच्या पाचशेच्या जवळ कॅलरी, भाताच्या पावणेदोनशे. एका जेवणात साडेसहाशे कॅलरी कमी! पदार्थांच्या संयोगाचा इथे काहीही संबंध नाही, ताटातलं अन्नच कमी झालंय. पहिल्या आठवड्यात काटा जास्तच उत्साह दाखवतो, त्याचंही कारण वेगळं आहे. भाकरी-भात कमी केला की शरीरात साठलेलं ग्लायकोजेन (साखरेचा साठा) खर्च होतं आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी बाहेर पडतं. पहिला दीड-दोन किलो बराचसा पाण्याचाच असतो. भाकरी परत सुरू झाली की तो परत येतो, आणि लोक म्हणतात, ‘नियम मोडला म्हणून वजन वाढलं.’

इथे हटकून कोणीतरी म्हणतं, ‘पण हे तर आपल्या आयुर्वेदातच आहे.’ नाही. आयुर्वेदातला विरुद्ध आहार, म्हणजे न मानवणारं खाणं, ही वेगळी गोष्ट आहे आणि तिला विल्यम हेच्या पंक्तीला बसवणं चरकावर अन्याय आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातल्या २६ व्या अध्यायात विरुद्धाचे प्रकार दिलेत. त्यात पदार्थाचा संयोग हा अनेकांपैकी एक आहे. देश, काळ, अग्नी (पचनशक्ती), मात्रा, संस्कार (पदार्थ करण्याची रीत) यांचेही विरोध सांगितलेत. दूध आणि मासे, समप्रमाणात मध आणि तूप, दूध आणि आंबट पदार्थ असे ठरावीक संयोग वर्ज्य आहेत. वरणभात किंवा भाकरी-मटण नव्हे. उलट सहाही रस, म्हणजे चवी, जेवणात असाव्यात अशी तिथली भूमिका आहे. आणि सहसा कोणी सांगत नाही तो भाग असा, की व्यायाम करणारा, तरुण, अग्नी चांगला असलेला, त्या पदार्थाची सवय असलेला किंवा थोडंच खाणारा अशांना विरुद्धही बाधत नाही, असं त्याच अध्यायात म्हटलंय. तालमीत जोर-बैठका मारून दुधात केळी घुसळून पिणाऱ्या पैलवानाला चरकानं सूट दिलेली आहे. खुर्चीत बसून तेच पिणाऱ्याचा हिशेब निराळा: दोन केळी, कपभर म्हशीचं दूध, दोन चमचे साखर, मिळून चारशेच्या वर कॅलरी. गंगावेशीतल्या कट्ट्यावरच्या नुसत्या ग्लासभर म्हशीच्या दुधातही अडीचशेच्या आसपास कॅलरी असतात, केळं असो वा नसो.

आता पहिला सल्ला. फळं खाणाऱ्यांची तब्येत बरी असते, याला आधार आहे. चीनमधल्या सुमारे साडेचार लाख प्रौढांच्या पाहणीत (२०१६) रोज ताजं फळ खाणाऱ्यांत हृदयविकार आणि पक्षाघातानं होणारे मृत्यू बरेच कमी आढळले. हा संबंध आहे, कारण सिद्ध झालेलं नाही. रोज फळ परवडणारा माणूस इतरही बाबतींत सुस्थितीत असू शकतो. वजनाबद्दल मात्र अपेक्षा आवराव्या लागतात. फळं-भाज्या वाढवण्याच्या प्रयोगांचा २०१४ मध्ये एकत्रित आढावा घेतला गेला, त्यात नुसती फळं-भाज्या वाढवून वजन उतरल्याचं दिसलं नाही. कारण सरळ आहे: आहे त्या जेवणात फळाची भर घातली तर कॅलरींचीही भरच पडते. दुपारी चारच्या कट वड्याच्या प्लेटच्या जागी पेरू खाल्ला, तर फरक पडतो. जेवून, वडा खाऊन, वर पेरू खाल्ला तर पेरू चांगला लागला एवढंच.

किती खावं? आपल्याकडच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शिकेत २००० कॅलरीच्या दिवसासाठी १०० ग्रॅम फळं आणि ४०० ग्रॅम भाज्या धरल्यात. १०० ग्रॅम म्हणजे मध्यम पेरू, लहान केळं, पपईच्या चार-पाच फोडी किंवा वीसेक द्राक्षं. दोनशे ग्रॅम खाल्लं तरी निरोगी माणसाला काही होत नाही. कॅलरी फळागणिक फार बदलतात. १०० ग्रॅम कलिंगडात ३०, पपईत ४० च्या वर, पेरूत ६८, केळ्यात ९० च्या आसपास, सीताफळात त्याहून थोड्या जास्त. वजनासाठी पेरूला तोड नाही: चोथा भरपूर, चावायला वेळ लागतो, आणि क जीवनसत्त्व १०० ग्रॅमला २०० मिलिग्रॅमच्या पुढे.

रस म्हणजे फळ नव्हे, हे इथे ठासून सांगायला हवं. ग्लासभर मोसंबीच्या रसाला तीन-चार मोसंबी लागतात. चार मोसंबी सोलून खायला बसलात तर तिसरीला कंटाळा येतो, रस मात्र दोन मिनिटांत संपतो, आणि चोथा गाळणीत राहतो. उसाच्या रसात १२ ते १५ टक्के साखर असते, म्हणजे पाव लिटरच्या ग्लासात ३० ते ३७ ग्रॅम. तो कितीही ताजा काढलेला असला तरी. अमेरिकेतल्या १ लाख ८७ हजार लोकांच्या पाहणीत (२०१३) अख्खं फळ, विशेषतः द्राक्षं आणि सफरचंद, खाणाऱ्यांत टाइप २ मधुमेहाचं प्रमाण कमी दिसलं, रस पिणाऱ्यांत जास्त.

गंमत अशी, की संयोगाला खरोखर अर्थ आहे, पण उलट्या दिशेनं. पालेभाजी, डाळ, बाजरी यांतलं लोह शरीरात मुश्किलीनं शिरतं, आणि त्याच जेवणात लिंबू, आवळा किंवा पेरूची फोड असेल तर ते जास्त शोषलं जातं. फळ दोन तास आधी उरकलं तर हा फायदा हुकतो. जेवणावर लगेच चहा घेतला तर तो लोह अडवतो. आंब्या-पपईतलं कॅरोटीन (ज्यापासून शरीर अ जीवनसत्त्व बनवतं) स्निग्धाशिवाय नीट शोषलं जात नाही. आमरसात तूप घालतात ते म्हणूनच योग्य आहे. एक चमचा पुरे; वर चार पुऱ्या घेतल्या तर त्यांच्या साडेतीनशे कॅलरी वेगळ्या. मधुमेह असेल तर क्रमालाही थोडं महत्त्व आहे: आधी भाजी-कोशिंबीर आणि डाळ किंवा मटण, शेवटी भाकरी-भात. यानं जेवणानंतरची साखर कमी चढते असं लहान प्रयोगांत दिसलंय. पण हे एकाच जेवणातलं मागेपुढे आहे, पदार्थ तोडून टाकणं नव्हे.

काहींना जेवणावर फळ खाल्लं की खरंच पोट फुगतं, तो भ्रम नव्हे. आंबा, सफरचंद, कलिंगड यांत फ्रुक्टोज ही फळातली साखर जास्त असते, आणि ती सगळ्यांच्या आतड्यात पुरती शोषली जात नाही. उरलेली मोठ्या आतड्यात गेली की गॅस होतो. दोष संयोगाचा की फळाचा, हे घरीच तपासता येतं. तेच फळ, तेवढंच वजन करून, तीन दिवस रिकाम्या पोटी खा, पुढचे तीन दिवस जेवणाबरोबर. बाकी जेवण सारखं ठेवा आणि पोट कधी फुगलं ते लिहून ठेवा. दोन्ही वेळा फुगत असेल तर फळ बदला किंवा निम्मं करा. फक्त जेवणाबरोबरच फुगत असेल तर तुमच्यापुरतं फळ चार वाजता खा. त्यासाठी भाकरी आणि मटणाची ताटातूट करायची गरज नाही.

नुसत्या फळांवर राहण्याचा मार्ग मात्र धरू नये. दोन किलो केळ्यांत १८०० कॅलरी भरतात, पण प्रथिनं जेमतेम २२ ग्रॅम. ६५ किलोच्या पुरुषाची रोजची शिफारस ५४ ग्रॅम आहे, आणि बी १२ तर फळांत नसतंच. मग वजन उतरतं त्यात स्नायूही जातात. मूत्रपिंडाचा आजार असेल तर केळं, शहाळं यांतलं पोटॅशियम धोक्याचं ठरू शकतं, आणि मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असताना जेवण बंद करून फळांवर राहिलं तर साखर एकदम खाली येऊ शकते. या दोघांनी आधी आपल्या डॉक्टरांशी बोलून गोळ्यांची आणि फळांची मात्रा ठरवून घ्यावी.